पाण्याचा कापूस होऊ देऊ नका: इंदूरच्या आसपास स्लो शटरने लँडस्केप टिपताना

पातालपाणी धबधब्याचा माझा पहिला लाँग एक्सपोजर मी आईला मोठ्या ऐटीत दाखवला होता. दहा स्टॉपचा काळाकुट्ट फिल्टर (एकेक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), शटर तब्बल ३० सेकंद उघडं, आणि मी शेजारी पोहे खात उभा. आईने चष्मा कपाळावर सरकवला, फोन लांब धरला आणि म्हणाली, "काय रे हे, गादीचा कापूस पिंजून टाकलाय का दगडांवर?"

तेव्हा राग आला. रात्री रामबागेतल्या घरी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून पाहिला, तर खरंच कापूस! पाण्याला धार नव्हती, उडी नव्हती, खाली आपटून उसळलेला फेस नव्हता. पांढरा एक गोळा तेवढा होता. गती दाखवायला गेलो होतो आणि जास्त वेळ लावून गतीच पुसून आलो होतो.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं दर पावसाळ्यात तिंछा, पातालपाणी, चोरल, आणि पाऊस ओसरला की महेश्वर, अशी वारी चालू आहे. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो. कॅमेरा मॅन्युअल मोडवर चालवता येतो, आयएसओ आणि अॅपर्चर म्हणजे काय ते ठाऊक आहे, एवढं गृहीत धरलंय.

आधी दगड शोधा, मग पाणी

स्लो शटरच्या फोटोत काय हलतंय हे सगळेच बघतात. काय हलत नाहीये, हे आधी ठरवा. पाणी पुसट झालेलं चालतं, कारण त्याच्या शेजारचा दगड कातीव दिसतो. तो दगडही मऊ दिसला तर फोटो नुसता हललेला वाटतो. आपल्याकडे दगडाची चंगळ आहे. माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं, ओला झाला की तेल लावलेल्या तव्यासारखा चमकणारा. त्यावरून घसरणारी पांढरी धार उठून दिसणारच.

म्हणून जागेवर पोहोचल्यावर बॅग उघडायची घाई करू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. चौकटीत किमान एक गोष्ट अशी हवी जी मिनिटभर जागची हलणार नाही: दगड, घाटाची पायरी, देवळाचा कळस, वाळलेलं खोड. झाडाची फांदी यात धरू नका, ती फसवते. तिंछाला मी एकदा कड्यावरच्या हिरव्या फांदीवर अख्खी चौकट बांधली होती. दोन सेकंदांत वाऱ्याने तिचा पालक करून ठेवला.

किती सेकंद?

याला एक आकडा नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तोच धबधबा जवळून वाइड लेन्सने टिपला आणि लांबून २०० मिलिमीटरने टिपला, तर शटर वेगळं लागतं. कारण पाणी सेकंदाला किती मीटर पळतं याच्याशी सेन्सरला देणंघेणं नाही. शटर उघडं असताना ते चौकटीत किती सरकलं, एवढंच त्यावर उमटतं. आडवं पळणारं पाणी जास्त सरकतं, कॅमेऱ्याकडे येणारं कमी.

मी फेस मोजतो. पाण्यावर फेसाचा एखादा ठिपका पकडायचा आणि तो चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती वेळ घेतो ते मनात मोजायचं, "एक हजार एक, एक हजार दोन" असं. समजा चार सेकंद लागले. त्याच्या आठव्या हिश्शापासून, म्हणजे अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करायची. त्यात पाण्याच्या शिरा दिसतात, वळण दिसतं, फेसाचे धागे दिसतात. मग एक फोटो दुप्पट वेळाचा, एक निम्म्या वेळाचा. तिघांतला एक हमखास चालतो. हे कुठलं शास्त्र नाही, माझा अंदाज आहे, पण कुठल्याही लेन्सवर लागू पडतो, कारण आपण मोजतो ती चौकटच.

तरी ढोबळ आकडे हवेतच, तर घ्या. उंचावरून जोरात कोसळणाऱ्या धारेला १/८ ते १/२ सेकंद पुरतात. त्यापुढे धारेचा कापूस व्हायला लागतो. दगडांमधून उड्या मारत जाणाऱ्या ओढ्याला १/४ ते १ सेकंद. संथ नदीला, जिथे लाटाच पुसून आरसा करायचा असतो, ८ सेकंदांपासून मिनिटापर्यंत. पावसाळी पळते ढग २० ते ३० सेकंदांत ओढले जातात, हिवाळ्यातले आळशी ढग दोन-दोन मिनिटं मागतात. वाऱ्यात डुलणारा गहू १/१५ ते १/४.

कापूस कधीच करू नये असं मी म्हणत नाही. डोहावर तरंगणाऱ्या फेसाचा भोवरा १५-२० सेकंदांत पांढऱ्या चक्रासारखा उमटतो, आणि ते रूप कमी वेळात मिळतच नाही. माझं भांडण "जितकं लांब तितकं भारी" या समजुतीशी आहे.

सामान

ट्रायपॉडवर पैसे खर्च करा, फिल्टरवर जरा कमी केले तरी चालतील. मधला दांडा वर न काढता डोळ्यांपर्यंत येणारा, पाय स्वतंत्रपणे पसरणारा आणि वजनाला जरा जड असा घ्या. माझा पहिला ट्रायपॉड इतका हलका होता की जवळून कुणी पळत गेलं तरी थरथरायचा. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि दोन पावसाळ्यांचे फोटो वाया घालवले.

फिल्टर दोन प्रकारचे. पोलरायझर ओल्या दगडावरची आणि पानांवरची चकाकी काढतो, वर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. एनडी हा नुसता काळा चष्मा. रंगाला हात न लावता उजेड कमी करणं एवढंच त्याचं काम. ३ स्टॉपच्या फिल्टरवर एनडी ८ लिहिलेलं असतं, ६ स्टॉपच्यावर एनडी ६४ आणि १० स्टॉपच्यावर एनडी १०००. एकच घ्यायचा तर ६ स्टॉपचा घ्या. सगळे १० च्या मागे धावतात. तो ढगांना आणि भर दुपारी लागतो, धबधब्याला क्वचित.

फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा वाटतो, पण वाइड लेन्सवर टोकापर्यंत फिरवला की आकाशात काळी फुली उमटते, आणि ती एडिटिंगमध्ये जात नाही. फिल्टर आपल्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्यावा, बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी, लावावी. बॅगेत तीन-चार मायक्रोफायबर कापडं हवीतच. पातालपाणीच्या तुषारांपुढे एका कापडाचं काही चालत नाही.

इथे आपल्या शहराची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि १८७४ च्या सुमारास इथेच फोटोग्राफीकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आधार होता. तेव्हा काचेवर ओलं रसायन लावायचं, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. रसायनाला उजेडाची जाण इतकी कमी की सेकंद दोन सेकंद सहज लागायचे. त्या काळातल्या छायाचित्रांत नदी नेहमी गुळगुळीत, आणि हललेला माणूस भुतासारखा. त्यांना ते सेकंद कमी करायची धडपड होती, आपण पैसे मोजून वाढवतो.

पावसाळ्यात फिल्टर बॅगेतच राहू द्या

नव्या माणसाची इथे चूक होते. त्याला वाटतं एनडीशिवाय स्लो शटर नाहीच. कडक उन्हात ते खरं आहे: आयएसओ १००, एफ ११ वर सुमारे १/२०० सेकंद येतं, आणि तिथून अर्ध्या सेकंदापर्यंत जायला सहा-सात स्टॉप उजेड अडवावा लागतो. पण जुलैत तिंछाच्या दरीत, डोक्यावर ढगांचं घोंगडं असताना, त्याच एफ ११ वर मला १/८ मिळतं. पोलरायझर चढवला की १/२. झालं काम! पाण्याला हवा होता तेवढाच वेळ मिळाला, शिवाय दगड चकाकायचे थांबले, शेवाळाचा हिरवा गडद झाला.

उन्हात धबधबा टिपू नये याला दुसरंही कारण आहे. पांढऱ्या फेसावर ऊन पडलं की तो जळतो, म्हणजे त्यात तपशील उरत नाही. मग शटर कितीही अचूक निवडा, धागे दिसणारच नाहीत. ढगाळ दिवस, नाहीतर सूर्य दरीत उतरायच्या आधीची सकाळ.

अॅपर्चर बारीक करून शटर लांबवायचा मोह होईल. एफ ८ ते ११ चांगलं, एफ १६ पर्यंत ओढा, पण २२ वर जाऊ नका. इतक्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि ज्या दगडाच्या भरवशावर फोटो उभा आहे तोच मऊ पडतो.

जागेवरचा क्रम

हा क्रम मी पाठ केलाय, कारण प्रत्येक पायरी गाळून एकेक सकाळ घालवली आहे.

पहिलं, ट्रायपॉड न उघडता हातात कॅमेरा घेऊन चौकट ठरवा. उंची गुडघ्यापासून डोक्यापर्यंत बदलून बघा. वाहतं पाणी खालून जास्त वेगवान वाटतं.

मग ट्रायपॉड. एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे, म्हणजे कॅमेऱ्याचं वजन त्या पायावर येतं आणि तोल जात नाही. जाड नळ्या आधी काढा, सगळ्यात खालची बारीक नळी शेवटी, जमल्यास नकोच. पाण्यात उभा करायचा असेल तर पाय दाबून, हलवून, वाळूच्या खालचा दगड लागेपर्यंत रोवा. मग बोट हलकेच नळीला लावून बघा. पाण्याचा ताण बोटाला गुंजल्यासारखा जाणवतो. जाणवला तर जागा बदला; तो गुंजारव फोटोत उतरतो.

कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा. हे कुणी सांगत नाही. वाऱ्यात तो पट्टा शिडासारखा फडफडतो आणि कॅमेरा हलवतो. ट्रायपॉडला बॅग लटकवायची असेल तर ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळणारी बॅग लोलकासारखी झुलते आणि उपायाचाच अपाय होतो.

फोकस फिल्टर लावायच्या आधी करा. १० स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि तो पुढे-मागे चाचपडत बसतो. दगडावर फोकस धरा, मोठं करून तपासा, मग लेन्सवरची कळ एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, सरकवा. त्याच हाताने लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, बंद करा. पूर्णपणे स्थिर ट्रायपॉडवर काही जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन नसलेलं थरथरणं शोधत राहतं आणि स्वतःच चित्र हलवतं. माझा चोरलचा एक पूर्ण दिवस यात गेला, आणि मी परतीच्या वाटेभर ट्रायपॉडला शिव्या देत होतो.

फिल्टरशिवाय एक फोटो घ्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख, बघा. काळा दगड चौकटीत जास्त असला की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं अंधार आहे, आणि तो फेस जाळून टाकतो. मी सवयीने पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवतो. हिस्टोग्रामचं शेपूट उजव्या भिंतीला टेकता कामा नये. दगडाचा काळोख रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, वर काढता येतो, जळलेला फेस परत येत नाही.

आता फिल्टर चढवा आणि हिशेब करा. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट. फिल्टरशिवाय १/६० आलं असेल तर बोटांवर मोजत जा: १/३०, १/१५, १/८, १/४, १/२, १. सहा बोटं, एक सेकंद. १० स्टॉपला आणखी चार दुपटी: २, ४, ८, १६. मोबाइलवर यासाठी ॲप मिळतात, पण ओल्या बोटाने ओला फोन चालत नाही, म्हणून बोटंच बरी.

३० सेकंदांपलीकडे जायचं तर बल्ब मोड (हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट लागतो. त्याखाली कॅमेऱ्याचा २ सेकंदांचा टायमर पुरतो. बटण दाबल्याची थरथर तेवढ्यात निवते. डीएसएलआर असेल तर मिरर लॉक करा, म्हणजे आतला आरसा आधीच वर अडकवा, आणि मागचा व्ह्यूफाइंडर झाका. १० स्टॉपच्या फिल्टरसोबत लांब एक्सपोजर असताना मागून शिरलेला उजेड फोटोवर जांभळट पट्टा ओढतो. मी रुमाल टाकतो.

शटर पडायच्या क्षणी लेन्स पुसलेली हवी. मी कापड काचेसमोर धरून ठेवतो, टायमर सुरू करतो, शेवटच्या अर्ध्या सेकंदात कापड बाजूला. तुषाराचा एक थेंब एफ ११ वर फोटोच्या मधोमध लाडवाएवढा डाग पाडतो.

पातालपाणीला एक गोष्ट फोटोपेक्षा मोठी

२०११ च्या जुलैत तिथे प्रवाहात उभ्या असलेल्या एका कुटुंबावर अचानक लोंढा आला. त्याचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडलेला असतो, आणि ते पाणी काही मिनिटांत येतं. पाणी चहाच्या रंगाचं व्हायला लागलं, त्यात काटक्या-पानं वाहून यायला लागली, आवाज जड झाला, की ट्रायपॉड तिथेच सोडून काठावर या. फोटोग्राफरला हे जास्त सांगावं लागतं, कारण ३० सेकंद डोळे स्क्रीनला चिकटलेले असतात आणि फिल्टरच्या नादात पाण्याचा रंग बदललेला कळत नाही. सोबत एक माणूस असा ठेवा ज्याला फोटोत काडीचा रस नाही. माझा चुलतभाऊ येतो. तो वरच्या बाजूला तोंड करून भुट्टा खातो.

त्या चहाच्या रंगावरून आठवलं. आपल्या काळ्या मातीचं पुराचं पाणी स्लो शटरमध्ये दुधासारखं होत नाही, उकळत्या चहासारखं होतं. नेटवर बघितलेला आइसलँडचा निळा धबधबा डोक्यात असेल तर निराशा होते, आणि मग लोक एडिटिंगमध्ये पाणी निळं करतात. करू नका. ऑगस्टच्या शेवटी, पाऊस दोन-तीन दिवस थांबला की पाणी निवळतं. पांढरी धार हवी असेल तर तेव्हा जा. पुराच्या दिवशी तो तपकिरी रंगच फोटोचा विषय समजा. काठाच्या हिरव्यासमोर फार सुंदर दिसतो.

महेश्वर: संथ पाण्याची शाळा

इंदूरहून महेश्वर ९० किलोमीटरच्या आसपास. अहिल्याबाईंची राजधानी, त्यामुळे मराठी माणूस तिथे पोहोचला की आधी किल्ल्यात जाऊन हात जोडतो. मग खाली घाटावर. इथे धबधब्याचं गणित चालत नाही.

घाट नर्मदेच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे पायऱ्यांवर उभं राहिलं की तोंड दक्षिणेला. डावीकडे सूर्योदय, उजवीकडे सूर्यास्त, नदी डावीकडून उजवीकडे. समोर पाण्याच्या मधोमध खडकावर बाणेश्वराचं छोटं देऊळ. स्लो शटरसाठी यापेक्षा सोयीचा नमुना मिळणार नाही. देऊळ हलत नाही, पाणी थांबत नाही, मध्ये तिसरं काही नाही.

सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, आकाश गडद निळं झालं की फिल्टर लागतच नाही. एफ ८, आयएसओ १००, २० ते ३० सेकंद. लाटा पुसल्या जातात आणि देऊळ काचेवर ठेवल्यासारखं दिसतं. संधिप्रकाशात उजेड भराभर उतरतो, म्हणून प्रत्येक फोटोआधी पुन्हा मीटर बघा. बल्बवर दोन मिनिटं उघडणार असाल तर त्या दोन मिनिटांतही उजेड कमी होणार आहे, हिशेबापेक्षा थोडा वेळ वाढवा.

अडचण नावांची, म्हणजे होड्यांची. काठाला बांधलेली होडी स्थिर वाटते, पण श्वास घेतल्यासारखी हलत असते. काही सेकंदांत तिच्या दोन होड्या होतात. दोन मार्ग आहेत. एक, टोक पायरीवर चढलेली, तळ टेकलेली होडी शोधा. दोन, एक फोटो ३० सेकंदांचा पाण्यासाठी, आणि लगेच दुसरा आयएसओ १६०० वर चढवून दोन सेकंदांच्या आतला होडीसाठी. घरी दोन्ही जोडा. तिसरा मार्ग मी एकदा वापरून पाहिला. नावाड्याला विनवणी केली, "भैया, नाव जरा रोक दो।" त्याने माझ्याकडे आणि नर्मदेकडे आळीपाळीने पाहिलं आणि हसत निघून गेला.

सोडलेले दिवे असतील तेव्हा ४ ते ८ सेकंद. दिव्यामागे सोन्याची बारीक रेघ उमटते, पण दिवा दिव्यासारखा राहतो. ३० सेकंदांत नुसत्या रेघाच उरतात.

जवळच जलकोटीला सहस्रधारा आहे. तिथे नर्मदा खडकांमधून असंख्य ओहळांत फुटते. तिथे पुन्हा १/४ ते १ सेकंद, आणि वाइड लेन्सऐवजी ७० ते २०० मिलिमीटर. लांबून एकच ओहळ, एकच खडक. वाइडमध्ये सगळं घेतलं की पसारा होतो. वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते, म्हणून खडकांवर आत जाण्याआधी गावात विचारा.

पाणी नसेल तेव्हा

डिसेंबरनंतर धबधब्यांचा जोर जातो आणि निम्मे लोक ट्रायपॉड माळ्यावर टाकतात. फेब्रुवारीत गहू ओंबीवर आला की शहराबाहेर कुठल्याही रस्त्याने अर्धा तास जा. संध्याकाळच्या वाऱ्यात शेतावरून लाट जाते ती १/८ वर बघा. पुढे बुजगावणं असेल तर उत्तम: काठी खिळलेली, सदरा फडफडता, गहू वाहता. वाऱ्याची झुळूक यायच्या आधी शटर उघडायचं नाही, झुळूक शेताच्या अलीकडच्या बांधाला पोहोचली की उघडायचं. दहातले आठ फोटो फुकट जातात, त्याला इलाज नाही.

ढगांसाठी जानापाव. चंबळ जिथून निघते ती टेकडी. ढग आडवे जात असतील तर आकाशात पट्टे उमटतात, आपल्याकडे येत असतील तर एका बिंदूतून फुटलेल्या किरणांसारखे पसरतात; दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, त्यासाठी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभं राहा. १० स्टॉप, एक ते दोन मिनिटं. आकाश पूर्ण भरलेलं असेल तर काही दिसणार नाही, निळे तुकडे मध्ये हवेत. देवासच्या बाजूच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या हाही चांगला विषय. पात्यांना १/४ द्या, पाती आहेत हे कळतं. ५ सेकंद दिले की पाती विरतात आणि नुसता खांब उरतो.

फक्त फोन असेल तर

आयफोनमध्ये लाइव्ह फोटो चालू ठेवून फोटो घ्या आणि नंतर त्यावर लाँग एक्सपोजर हा पर्याय निवडा. धबधब्याला पुरतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोडला शटर हाताने लावता येतं, पण फोनचं अॅपर्चर बदलत नाही, म्हणून दिवसा फोटो पांढराफटक होतो. पहाटे किंवा दिवेलागणीला वापरा. फोन धरणारा क्लॅम्प आणि छोटा ट्रायपॉड मात्र हवाच. दगडावर पाठीचा टेकू देऊन चालतं, मी केलंय, आणि फोन डोहात जाताजाता वाचवलाय.

फिल्टर नसलेल्या कॅमेऱ्यासाठीही एक युक्ती आहे. ट्रायपॉडवर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीस फोटो एकामागोमाग घ्या आणि फोटोशॉपमध्ये त्यांची सरासरी काढा: सगळे थर एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये, मग स्टॅक मोड मीन. परिणाम १५ सेकंदांच्या एका फोटोसारखा, शिवाय नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, कमी. मधल्या एखाद्या फोटोत कुणी आडवं आलं तर तेवढा काढून टाकायचा. महेश्वरच्या गर्दीत याचा मोठा आधार.

घरी आल्यावर

स्वस्त एनडीमुळे फोटोला तांबूस किंवा जांभळी झाक येते. रॉ असेल तर व्हाइट बॅलन्सने बरीच निघते. ओल्या काळ्या दगडाचा एक भाग राखाडी समजून त्यावर ड्रॉपर टाका, मग डोळ्याने थोडं उबेकडे न्या. पाण्यावर क्लॅरिटी ओढू नका, धाग्यांच्या तारा होतात. दगडावर ओढा, तेवढ्याच भागावर मास्क करून. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर तो प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अडून बसतो. दोन मिनिटांच्या फोटोला आणखी दोन मिनिटं, आणि तेवढ्यात आकाशाचा रंग उतरतो. मी संध्याकाळी बंद ठेवतो, लाल-निळे ठिपके घरी पुसतो.

आणि फोटो उघडायच्या आधी ट्रायपॉड. पाय पूर्ण बाहेर काढून, सांधे सोडून, गोड्या पाण्याने धुवा आणि गच्चीवर उघडे वाळत घाला. आपली काळी माती सांध्यात वाळली की सिमेंट होते. मागच्या ऑगस्टमध्ये आळस केला, तर सप्टेंबरात एक पाय निघेना. दोघांनी दोन टोकांना धरून ओढला, तेव्हा कुठे निघाला, आणि नळीतून पातालपाणीची मूठभर माती आईच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडली.